परतीचा तुकडा

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तासभर धाकट्याने एकच पालुपद लावलं होतं.

“शॉट आणखी ताण गं. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे.”

“मुळात शूट केलायस नखाएवढा. ताणू कुठून?”

धाकट्याची ही पहिलीच शॉर्ट फिल्म. म्हणून एडिटिंगला सख्खी बहीण आणि नटी म्हणून सख्खी आई. शूटिंगही आईच्याच घरी. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहायची, आणि ताईचं अर्धं लक्ष कायम त्या घराकडे असायचं.

शॉट साधा होता. पुढे खुर्चीत आई, तिच्या मागे लांबलचक पॅसेज, टोकाला अडगळीच्या खोलीचं अर्धवट उघडं दार. संगीत नाही. आई हूं की चूं न करता बसलेली. बघणाऱ्याची नजर त्या दारावरून हलत नाही, सगळी गंमत तेवढ्यातच होती.

ताईने जुनी युक्ती काढली. ज्यात काही हलत नाही असा शॉट लांबवायचा, तर त्याचीच प्रत उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे, फिरवून मागे जोडायची. आधी सुलटा, मग उलटा. सांधा कुणाच्या बापाला कळत नाही.

तिने जोडलेला शॉट चालवला. सुलट्या भागात दारातून काहीतरी बाहेर आलं. माणसाच्या उंचीचं, फिकट. पॅसेजमधून सावकाश चालत आईच्या खुर्चीमागे येऊन थांबलं. मग उलटा भाग सुरू झाला आणि ते तोंड इकडेच ठेवून मागे मागे जात दारात दिसेनासं झालं.

ताईने मूळ शॉट उघडला. पॅसेज रिकामा. पुन्हा पाहिला, रिकामाच. जोडलेल्यात मात्र ते होतं. प्रत करताना दुसरी एखादी फाइल मिसळली असेल, मशीन घोळ घालतंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

धाकटा खुर्चीतून अर्धा उठला होता. “हे कसं केलंस? कसलं भारी झालंय.”

“मी काही केलेलं नाही.”

“बरं, नको सांगूस. फक्त ते परत जातं तो भाग उडव. परत गेलेलं दिसलं की बघणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. तो टाकूच द्यायचा नाही.”

म्हणणं बरोबर होतं. तिनेच त्याला ते शिकवलं होतं. तिने परतीचा तुकडा कापला आणि ते आईच्या मागे उभं असतानाच पडदा काळा केला. धाकटा खूश झाला.

ताईला मात्र राहवेना. तिने आईला फोन लावला.

“जेवलीस का?”

“मगाशीच. आता खुर्चीत टेकलेय जरा. धाकट्याचं शूटिंग राहिलंय का काही? येताना सांगून तरी यायचं. केव्हाचा मागे उभा आहे, बोलत नाही.”

ताईने शेजारी पाहिलं. धाकटा नखं कुरतडत बसला होता.

“आई, ऊठ. बाहेर जा, आत्ताच्या आत्ता.”

“का गं?”

कापलेला तुकडा परत आणायचा, एवढंच ताईला सुचलं. तिने तो जागेवर बसवला आणि चालवला.

पडद्यावर ते मागे मागे गेलं. सावकाश, आलं तसंच, थेट दारापर्यंत.

तिच्या जिवात जीव आला.

मग तिचं लक्ष पडद्यावरच्या आईच्या खुर्चीकडे गेलं. खुर्ची रिकामी होती.

“आई?”

फोन चालूच होता. पलीकडे, घरात कुठेतरी आत, एक दार हलकेच लागलं.