हिरव्या लुगड्याचा केसपेपर

बुधवारी सकाळी कांता नवऱ्याला, आनंदाला, घेऊन परळच्या धर्मादाय दवाखान्यात गेली, ती काही हौसेनं नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला त्या दिवशी त्याने फ्लोरा फाउंटनवरून आपल्या गिरणीतल्या जोडीदाराला खांद्यावर टाकून आणलं होतं, आणि तो वाटेतच गेला होता. तेव्हापासून, म्हणजे सव्वा वर्ष, आनंदा धड झोपला नव्हता. गिरणीत चालत्या मागासमोर नुसता उभा राहायचा. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत डॉक्टरचा कागद आण, नाहीतर तुझ्या मागावर बदलीवाला उभा करतो.

भोईवाड्यातले शेजारी म्हणाले, भगताकडे ने. त्यांचंही काही चुकत नव्हतं. भगत हाकेच्या अंतरावर, कधीही जा, हजर. डोक्याचा डॉक्टर मात्र अख्ख्या गिरणगावाला बुधवारी दहा ते बारा. एवढ्या वेळात माणसांची डोकी तपासायची की नुसती मोजायची, ते तुम्हीच सांगा!

रांग जिन्याखालून सुरू व्हायची. तिथे भर सकाळीही काळोख, ओल आणि फिनेलचा वास. कांताच्या पुढे हिरव्या लुगड्यातली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिची पापणी म्हणून लवत नव्हती.

"मावशी, कधीपासून बसलाय?"

"झाली... दोन वर्षं."

कांताला नवल वाटलं नाही. रांगच तशी होती.

गणपत शिपाई नंबर मोजत आला, तो बाईला ओलांडून थेट कांतापाशी. "नऊ."

"आणि ह्या मावशी?"

"केसपेपर निघायच्या आधीच गेली ती," गणपत वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. "इथंच, रांगेत. पेपर नाही, तर मी मोजत नाही. तुम्ही पण बघू नका."

कांताच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हलायचं म्हणजे नंबर जायचा. भुतापेक्षा जॉबर जवळचा होता. ती उभी राहिली.

पावणेबाराला नंबर लागला. मावशीही मागोमाग आत आली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर, डॉक्टरांच्या हॅटशेजारी टेकली.

"झोप?" कमलाकांत डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"नाही."

"भूक?"

"नाही."

"नसलेलं काही दिसतं?"

"असलेलंच दिसतं," आनंदा म्हणाला. "साहेब, आधी ह्या मावशींना बघा. त्या माझ्या आधीच्या."

पेन थांबलं. टेबलावर कोणी नाही हे डॉक्टरांनी नीट पाहून घेतलं. "बाई, ह्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल."

कांता मनात हिशेब करू लागली. मलाही दिसते म्हणावं, तर दोघंही ठाण्याला. दिसत नाही म्हणावं, तर हा एकटा.

इतक्यात बाजूचं दार उघडलं. त्या दाराला रांग नव्हती, पायपुसणं होतं. गावदेवीच्या बंगल्यातल्या राजलक्ष्मीबाई आत आल्या. दवाखान्याला देणगी त्यांच्या घरची, तेव्हा वेळही त्या म्हणतील ती. बसता बसता त्या दचकल्या.

"डॉक्टर... ही हिरव्या लुगड्यातली कोण? माझ्याकडे... अशी काय बघतेय?"

"नर्व्हज, बाईसाहेब, नर्व्हज!" डॉक्टर उठून उभे राहिले. आवाजात काय ते लोणी! "महिनाभर महाबळेश्वर, रात्री झोपेचं औषध. काळजीचं काही नाही."

झालं! कांताची भीती कुठल्या कुठे पळाली. पदर खोचून ती टेबलाशी आली.

"का हो डॉक्टर? बाई तीच, लुगडं तेच. बाईसाहेबांना दिसली तर महाबळेश्वर, आणि आमच्या ह्यांना दिसली तर ठाणं? भूत काय पत्ता विचारून येतं?"

"हळू बोला, बाई..."

"हळू बोलून बोलूनच मावशी मेली! लिहा तोच कागद. महाबळेश्वर नको, आम्ही आमच्या गावी मालवणला जाऊ. महिन्याची रजा, झोपेचं औषध, आणि खाली लिहा, माणूस परत कामावर घ्यावा."

"लिहून टाका ना, डॉक्टर," राजलक्ष्मीबाई कुजबुजल्या. "ती... ती मान हलवतेय."

डॉक्टरांनी लिहिलं. सही मारली आणि टेबलाचा तो कोपरा टाळून कागद पुढे सरकवला.

कागद पोलक्यात खोवून कांता नवऱ्याला घेऊन बाहेर पडली. राजलक्ष्मीबाई तिच्याही पुढे, आणि त्याही रांगेच्या दाराने! गणपतने दार ओढून घेतलं. आत आता डॉक्टर एकटे. पण जिना उतरताना कांताला त्यांचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे इतका मऊ, सावकाश.

"बसा, मावशी... झोप लागते का? ...बरं. आणि तुमच्याबरोबर... अजून किती जणी?"

खोलीत खुर्च्या दोनच होत्या. सरकण्याचा आवाज मात्र पुष्कळ खुर्च्यांचा आला... आणि तो थांबेचना.