एक हात जादा

“विजेवर माणसाने मिळवलेला विजय हा विश्वाच्या इतिहासातला सर्वांत गौरवशाली, सर्वांत निर्णायक आणि सर्वांत—” एवढं बोलून चव्वेचाळीस बंद पडला.

त्याच्याबरोबर शेडमधला दिवा गेला, शेगडी गेली आणि किटलीची सुरसुरही गेली. अंधारात फक्त अर्धवट भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास उरला.

“फ्यूज उडाला,” आबाजी म्हणाले. “माहा चहा राहिला.”

चव्वेचाळीस हा रोबोट होता. कागदोपत्री त्याचं नाव ‘स्वयंचलित खांबारोहक क्रमांक ४४’ (खांबावर आपण होऊन चढणारं यंत्र). तीस वर्षं त्याने खामगाव तालुक्यातल्या विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त केल्या. २०७१ साली तो रीतसर निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला शाल आणि नारळ मिळाला. शाल तो पांघरतो. नारळाचं काय करायचं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याची बॅटरी पार म्हातारी झाल्यामुळे त्याला कायम प्लगला जोडून ठेवावं लागतं. म्हणून तो आपले जुने सहकारी दिगंबर वानखडे, म्हणजेच आबाजी, यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आला होता.

आबाजी निवृत्त वायरमन. आणि त्या संध्याकाळी फ्यूज उडवणारी सोळा वर्षांची मुलगी म्हणजे त्यांची नात, प्रणाली.

“पण उडायलाच नको होता,” प्रणाली म्हणाली. “मी गणित करून मगच किटली लावली होती.”

टॉर्चच्या उजेडात आबाजींनी फ्यूजमध्ये नवी तार घातली. फ्यूज म्हणजे जास्त वीज वाहू लागली की स्वतः वितळून बाकीच्यांना वाचवणारी बारीक तार. शेगडीचं बटण बंद करून त्यांनी मेन स्विच वर केला.

“—संस्मरणीय टप्पा आहे,” चव्वेचाळीस म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिलं. “माझी चार मिनिटं कोणी घेतली?”

“हिनं,” आबाजी म्हणाले.

प्रणाली वही घेऊन शेंगदाण्यांच्या टोपलीशेजारी बसली. तिचा चेहरा पडला होता, आणि त्याला कारण होतं.

त्या वर्षी चंद्रावरच्या तळासाठी शिकाऊ वीजतंत्री निवडायचे होते. रोबोट पाठवून झाले होते. पण चंद्रावरची धूळ फार बारीक आणि धारदार. ती रोबोटांच्या सांध्यांत जाऊन बसली आणि महिन्याभरात सगळे रोबोट आखडले. (“माणसांच्या सांध्यांत फक्त वात जातो,” असं चव्वेचाळीस यावर म्हणत असे.) तेव्हा माणसं हवी होती, आणि माणसं निवडायला गणिताची परीक्षा होती. वीस प्रश्न, चौदा बरोबर आले की निवड. परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. पहिल्या खेपेला प्रणालीचे नऊ आले होते. दुसरी खेप बारा दिवसांवर होती. तिसरी नव्हती.

“गणित सांग,” चव्वेचाळीस म्हणाला.

प्रणालीने वाचून दाखवलं. “आपल्याकडे २३० व्होल्टची वीज येते. व्होल्ट म्हणजे विजेला ढकलणारा जोर. शेगडीचा रोध २३ ओहम, किटलीचा ४६ ओहम. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा आणि ओहम हे तो मोजायचं माप. वाहणारी वीज किती, तर जोराला अडथळ्याने भागायचं. ती अँपिअरमध्ये मोजतात. एकटी शेगडी, २३० भागिले २३, १० अँपिअर. फ्यूज १२ अँपिअरचा. म्हणजे चालतंय. आता किटली लावली की अडथळा वाढला. २३ अधिक ४६, ६९. मग २३० भागिले ६९, सव्वातीन अँपिअरच्या जरा वर. वीज कमी व्हायला हवी होती. मग फ्यूज उडाला कसा?”

गणितात कुठे चूक दिसत नव्हती. फ्यूज मात्र गणित न बघताच उडाला होता.

“एकूण रोध १५.३३ ओहम,” चव्वेचाळीस म्हणाला.

“कसा?”

“आला.”

“पण कसा आला?”

“मला विचारलं की उत्तर येतं. कसं येतं ते विचारायची तीस वर्षांत कोणाला गरज पडली नाही. लेखी अर्ज केल्यास विचार करता येईल.”

“तू राहू दे बावा,” आबाजी म्हणाले. त्यांनी शेंगदाण्याचं टरफल फुंकून उडवलं आणि नातीकडे वळले. “पोरी, मागच्या महिन्यात आपण लग्नाले गेलो होतो. जेवणं झाली. हॉलच्या पुढच्या दारातून लोक कसे निघत होते?”

“हळूहळू. दारातच चपलांचा ढीग होता. जो तो आपली चप्पल शोधत होता.”

“धर, सहा सेकंदाले एक माणूस बाहेर. आता सैपाकाकडचं मागचं दार. तिथं चपला नाहीत. तीन सेकंदाले एक माणूस. दोन्ही दारं उघडी ठेवली, तर एकूण किती सेकंदाले एक माणूस निघंल?”

“सहा आणि तीन, नऊ,” प्रणाली म्हणाली.

“म्हणजे मागचं दार उघडलं म्हणून लोक अजून उशिरा घरी जातील?”

“असं कसं होईल? दार वाढलं तर लोक लवकर निघतील.”

“मंग नऊ कुठून आणले?”

ती विचार करू लागली. आबाजींनी घाई केली नाही. त्यांनी किटली लावली, कारण शेगडी बंद होती आणि त्यांना चहा हवा होता.

“सहा सेकंदांत,” प्रणाली सावकाश म्हणाली, “पुढून एक माणूस निघेल. तेवढ्याच वेळात मागून दोन. सहा सेकंदांत तीन माणसं. म्हणजे दोन सेकंदांना एक.” ती थांबली. “दोन. हे तर दोन्ही दारांपेक्षा कमी आहे.”

“व्हय.”

“आता हे कागदावर व्यवस्थित मांडावं,” चव्वेचाळीस म्हणाला. बेरीज दिसली की त्याला राहवत नसे. “पुढच्या दारातून सहा सेकंदांत एक माणूस, म्हणजे एका सेकंदात एक-षष्ठांश माणूस.”

“माणसाचा सहावा भाग?” प्रणालीने विचारलं. “कोणता?”

“बहुधा पाय. मागच्या दारातून एका सेकंदात एक-तृतीयांश माणूस. दोन्ही मिळवा.”

प्रणालीने वहीत लिहिलं. १/६ आणि १/३. छेद सारखा करायला हवा. १/३ म्हणजे २/६. मग १/६ + २/६ = ३/६. म्हणजे १/२. एका सेकंदात अर्धा माणूस.

“आणि पूर्ण माणसाला?” चव्वेचाळीसने विचारलं.

“उलटं करायचं. दोन सेकंद.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे वाटा शेजारी-शेजारी असल्या, तर अडथळ्यांची बेरीज करायचीच नाही. अडथळे उलटे करायचे, म्हणजे प्रत्येक वाट किती जाऊ देते ते निघतं. बेरीज त्याची करायची. आणि शेवटी उत्तर परत उलटं करायचं.”

“याला समांतर जोडणी म्हणतात,” चव्वेचाळीस म्हणाला. “विजेला एकाच वेळी अनेक वाटा मोकळ्या असणं.”

“आणि एकामागं एक जोडलं, तर?” आबाजींनी विचारलं. “आधी दार, मंग पुढं फाटक?”

“तेव्हा प्रत्येकाला दोन्ही अडथळे पार करावे लागतात. तिथं माझी साधी बेरीज चालेल.” प्रणाली आता भराभर लिहू लागली होती. “पण शेगडी आणि किटली एकामागे एक नाहीत. बोर्डावर दोघींचे प्लग वेगळे. दोन दारं. १/२३ म्हणजे २/४६. त्यात १/४६. झाले ३/४६. उलटं केलं, ४६ भागिले ३.” तिने भागाकार केला. “१५.३३.”

“मी म्हटलंच होतं,” चव्वेचाळीस म्हणाला.

“२३० भागिले १५.३३, पंधरा अँपिअर. फ्यूज बाराचा.” तिने हिशोब दुसऱ्या बाजूने तपासला. शेगडीतून दहा, किटलीतून पाच, पंधराच. “उडणारच होता की.”

“त्यानं आपलं काम केलं,” आबाजींनी फ्यूजची बाजू घेतली, आणि चहा ओतला.

पुढचे अकरा दिवस प्रणाली रोज संध्याकाळी शेडमध्ये बसली. चव्वेचाळीस सराव परीक्षा घेई आणि लाल शाईने तपासे. समांतर जोडणीचे प्रश्न आता बरोबर येत होते. तरी गुण बारावरच अडले.

नवव्या दिवशी चव्वेचाळीसने पेपर खाली ठेवला. “खांबापासून घर २४ मीटर. अंतर विचारलंय, तर हिने लिहिलंय २४.४५. दोन बोर्डांत ७ मीटर, तर ७.४५. अकराव्या, चौदाव्या, सतराव्या प्रश्नालाही तेच. हे पॉइंट पंचेचाळीस येतात कुठून?”

प्रणालीने आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी कपात पाहिलं.

“एक हात,” ती म्हणाली. “आबाजी वायर कापताना नेहमी एक हात जादा धरतात. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, पंचेचाळीस सेंटिमीटर. लहानपणापासून त्यांच्याबरोबर जाते ना. आकडा ऐकला की हात आपोआप पुढे होतो.”

“कापलेली वायर वाढत नाही,” आबाजी म्हणाले. “टोक जळलं, सांधा तुटला, तर मंग काय लोंबत राहायचं?”

“ही सवय अवैज्ञानिक आहे,” चव्वेचाळीस म्हणाला. “माझ्या प्लगची वायर मी स्वतः मोजून कापली. खुर्चीपासून प्लगपर्यंत तीन मीटर वीस. एक मिलिमीटर वाया नाही.”

“म्हणून तर खुर्चीतून उठत नाहीस,” आबाजी म्हणाले.

चव्वेचाळीसने शाल घट्ट ओढून घेतली. मग आबाजींनीच नातीला सांगितलं, “तो म्हणतो ते पेपरापुरतं खरं हाय. पेपरात अंतर विचारलं तर अंतर लिही. वायर किती कापशील विचारलं, तर मंग माहं ऐक. प्रश्न काय विचारते ते पहिले पाहाय.”

प्रणालीने परीक्षेला जाताना ठरवलं की डावा हात मांडीखाली दाबून बसायचं.

अकोल्याच्या केंद्रावर ती तशीच बसली. हाताला मुंग्या आल्या, पण एकाही अंतरात पंचेचाळीस सेंटिमीटर घुसले नाहीत. नवव्या प्रश्नात तीन दिवे समांतर जोडलेले होते. तिने तीन दारं काढली, एका दारापुढे चपलाही काढल्या, आणि उत्तर आलं. एकोणीस प्रश्न झाल्यावर तिने मोजलं. तेराची खात्री होती. सहा चुकले असणार हेही जवळपास नक्की होतं.

राहिला विसावा.

‘चांद्रतळावर दोन खोल्यांतल्या बोर्डांमधलं अंतर १८ मीटर आहे. ही जोडणी करायला भांडारातून किती मीटर वायर मागाल? कारण लिहा.’

तिने १८ लिहिलं. लाल शाईने तपासणारा चव्वेचाळीस तिला समोर दिसत होता. मग तिने प्रश्न पुन्हा वाचला. अंतर तर त्यांनीच सांगितलं होतं. विचारलं होतं, मागाल किती.

तिने मांडीखालचा हात काढला. झटकला. १८ खोडून १८.९० लिहिलं, आणि कारणात लिहिलं, ‘दोन्ही टोकांना एकेक हात जादा. कापलेली वायर वाढत नाही, आणि चंद्रावर दुसरी आणायला दुकान नाही.’

तीन आठवड्यांनी दुपारी निकाल आला. आबाजींनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून वाचला, आणि मग नातीच्या हातात दिला. वीसपैकी चौदा.

“विसाव्याचं उत्तर काय धरलं?” चव्वेचाळीसने खुर्चीतूनच विचारलं.

“अठरा पॉइंट नव्वद. बरोबर.”

“मी अठरा लिहिलं असतं,” तो म्हणाला, आणि लाल शाईचं पेन खाली ठेवलं.

जूनमध्ये प्रणाली प्रशिक्षणाला निघाली. दोन वर्षं पृथ्वीवर शिकायचं, मग चंद्रावर. तिथल्या खोल्या, तिथले दिवे, आजवर अंधारातच असलेल्या विवरांतली (चंद्रावरच्या मोठ्या खड्ड्यांतली) पहिली तार, हे सगळं तिची तुकडी जोडणार होती. पिशवी खांद्याला लावून ती शेडमध्ये आली. आबाजी बसची वेळ झाली म्हणून बाहेर येरझाऱ्या घालत होते.

चव्वेचाळीसने शाल सारखी केली. मांडीवरचा नारळ उचलून तिच्या हातात दिला. तो कशासाठी असतो हे त्याला बहुधा आता समजलं होतं.

“प्रणाली दिगंबर—”

“दिगंबर आबाजी. बाबा सुधाकर.”

“प्रणाली सुधाकर वानखडे. खांबावर चढणाऱ्या सर्व यंत्रांच्या वतीने सांगतो की जिथे आमचे सांधे आखडले, तिथे तुझे हात पोचतील. मानवजातीच्या प्रकाशयात्रेतला हा सर्वांत गौरवशाली, सर्वांत निर्णायक आणि सर्वांत—”

तो थांबला. प्रणालीने चटकन फ्यूजकडे पाहिलं. फ्यूज शाबूत होता.

“काय झालं?”

“दोन वर्षांनी तू वर जाशील,” चव्वेचाळीस हळू आवाजात म्हणाला. “संध्याकाळी त्या दारातून चंद्र दिसतो, असं दिगंबरराव सांगतात. मी खुर्ची तिकडे सरकवून पाहिली. प्लग निघतो.”

त्याने शालीखालून चार घड्या घातलेला कागद काढला. रीतसर अर्ज होता.

“जायच्या आधी,” तो म्हणाला, “तेवढी एक हात वायर जोडून देतेस का?”