नायकाच्या हातचा घोटा

"नाही प्यायचा तो!"

हे शब्द आपल्याच तोंडून निघाले, यावर रुक्माबाईचा क्षणभर विश्वास बसला नाही... पण तोवर तिचा हात पुढे गेला होता, सासऱ्याने धाकट्या दिरापुढे धरलेला तांब्या उलटला होता आणि हिरवट, दुधाळ भांग धावजी नायकाच्या पांढऱ्या धोतरावरून ओघळत अंगणातल्या सारवणावर पसरत होती. डफ थांबला. लेंगी गाणाऱ्या पोरांचे सूर गळ्यातच अडकले. होळीची सकाळ, सारा तांडा नायकाच्या दारी जमलेला, त्याच दिराला, प्रेमसिंगला, मुलगी द्यायला निघालेले देवीलाल पाहुणे खाटेवर बसलेले... आणि ज्या सुनेने लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे घुंगट वर केला नव्हता, त्याच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती, तिने भर पंचांत नायकाच्या हातचा तांब्या उडवला!

"उत्तमसिंग," नायक सुनेकडे न बघता थोरल्या मुलाला म्हणाले, "तुह्या बायकोले इचार, तिच्या अंगात काय आलं म्हणून."

उत्तमसिंग पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. नवऱ्याच्या त्या खाली गेलेल्या मानेकडे पाहून रुक्माबाईच्या मस्तकात आग भडकली. कालच हा माणूस चुलीपुढे बसून म्हणाला होता, "तू चूप राह्य. मी बोलतो बापूसोबत." हेच का ते बोलणं?

"माह्या अंगात काही नाही आलं, मामाजी," ती म्हणाली. घुंगटाआडून येणारा तो आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. "आलतं ते प्रेमच्या. दोन वर्साआधी. याच घोट्यानंतर."

आर्णीजवळच्या या तांड्याची रीत जुनी होती. वर्षभरात ज्याचं कुणाशी बिनसलं, जो काही कारणाने तांड्यापासून दुरावला, त्याने होळीच्या सकाळी नायकाच्या हातचा भांगेचा घोटा प्यायचा, की मागचं सारं मिटलं. कोर्टकचेरीत न मिटलेली भांडणं त्या तांब्याने मिटवली होती. धावजींच्या मनात मुलाविषयी वाईट काही नव्हतं. उलट, दोन वर्षं 'येडा' म्हणून ज्याच्यापासून लोक अंग चोरत होते, त्या आपल्या पोराला त्यांना आज चारचौघांत परत आणायचं होतं... आणि देवीलालांनाही दाखवायचं होतं, की पाहा, पोरगा बरा झाला!

पण बरा झाला, हे तांब्याने कसं ठरायचं?

दोन वर्षांपूर्वी प्रेमसिंग अमरावतीच्या कॉलेजातून होळीला घरी आला होता. हसरा, हुशार, पण थोडा गप्प गप्प झालेला. त्याने सगळ्यांबरोबर घोटा घेतला. संध्याकाळपर्यंत बाकीची पोरं हसून, रडून, झोपून शुद्धीवर आली. प्रेमसिंग मात्र परत आलाच नाही! जेवणात विष आहे म्हणू लागला, भिंतीशी बोलू लागला, विहिरीतून कुणीतरी आपलं नाव घेतं म्हणून धावू लागला. लोकांनी करणी म्हटलं, बाहेरचं म्हटलं. घोट्याचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण घोटा तर सगळ्यांनीच घेतला होता ना! रुक्माबाईच्या मनाला तेवढंच उत्तर पटत नव्हतं. ज्यांना काही झालं नाही, ते प्रेम नव्हते. प्रेमला झालं, याचं काय?

सासू गेली तेव्हा प्रेम एवढासा होता. नव्या नवरीच्या ओढणीचं टोक धरून तो घरभर फिरायचा. तिने त्याला भाकर भरवली, शाळेत धाडलं, तापात उशाशी बसली. तीच त्याला यवतमाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी दिलेल्या नव्या गोळ्या न चुकता देत राहिली, आणि हळूहळू, जमिनीतून अंकुर वर यावा तसा तो तिचा प्रेम परत आला. तेव्हाच तिने डॉक्टरांना विचारलं होतं.

"घोट्यानंच झालं, असं मी खात्रीनं नाही सांगू शकत, बाई," डॉक्टर म्हणाले होते. "आजार आधीच येऊ घातला असेल. एकाच पावसानं एक शेत तरारतं, दुसऱ्यातलं बी कुजतं. परदेशात काही डॉक्टर असली भास दाखवणारी औषधं मुद्दाम देऊन बघताहेत, काहींना गुण येतो असंही छापून येतं. पण ज्याला एकदा असे आवाज ऐकू आले, त्याला तेही वगळतात. याला पुन्हा काही होईलच असं नाही. पण झालं, तर तो या वेळेसारखा परत येईलच असंही नाही."

होईलच असं नाही... येईलच असंही नाही... या दोन वाक्यांमध्ये ती उभी होती. आणि तिने निवड केली होती.

"घोट्याले नाव ठेवते!" धावजींचा चेहरा तांबडा झाला. "हिची सासू मेली तेव्हा मी त्या विहिरीच्या काठावर बसून राह्यलो होतो. याच घोट्यानं मले झोप देली. यानं मले जगवलं, आन् माह्या पोराले हा मारन?"

"तुमाले जगवलं असंन, मामाजी! मी नाही म्हणत नाही. पण तुमचं तुमच्यापाशी. तुमी म्हणजे प्रेम नोहे!"

"डाक्टरीण झाली व रुक्मा!" मागून भुरीबाई चिरक्या आवाजात बोलली. "आता आमच्या पोराईलेबी सुया टोचजो!" चारदोन बाया फिसकन हसल्या.

देवीलाल खाटेवरून उठले, पागोटं सारखं केलं. "नायक, पोरगा बरा झाला म्हणून सांगतलं होतं तुमी. एक घोट पचत नाही त्याले, त्याले संसार काय पचन?" आणि ते चालायला लागले. कुणी अडवलं नाही.

त्या पाठमोऱ्या पाहुण्याकडे बघत प्रेमसिंग उठला. त्याचे डोळे भरून आले होते. रुक्माबाईला वाटलं, हा तरी... निदान हा तरी!

"भोजाई," तो म्हणाला, "आज मी माणसात येऊन राह्यलो होतो. तूनं मले साऱ्या तांड्यासमोर पुन्हा येडा केलं."

हाय रे दैवा! बाकी सगळ्यांचे शब्द तिने अंगावर झेलले होते. हा मात्र आरपार गेला.

धावजींनी निवाडा केला. सुनेने पंचांपुढे पाया पडून माफी मागावी, नाहीतर या घराच्या चुलीला हात लावू नये.

"सांडलं, त्याची माफी मागतो," रुक्माबाई म्हणाली. तिने वाकून सासऱ्याच्या पायांपुढे जमिनीला डोकं टेकवलं आणि उठून उभी राहिली. "अडवलं, त्याची मागत नाही. मरेस्तोवर मागनार नाही!"

ती माहेरी निघाली, तेव्हा उत्तमसिंग पांदणीपर्यंत आला. "काहून एवढा हट्ट करतं? दोन शब्द म्हणून टाक ना..."

तिने गोळ्यांची पुडी त्याच्या हातात कोंबली. "तुमच्यात बोलाचं बळ नाही, ते पाह्यलं मी. पाहाचं तरी बळ ठेवा. त्याले गोळी द्या. आन् घोट्यापासून दूर ठेवा."

मारेगावकडच्या माहेरच्या तांड्यात तिचा भाऊ गुलाबसिंग पहिले दोन दिवस गप्प राहिला, मग बोलू लागला. "मरद माणसाईच्या मधात पडाची काय गरज होती तुले? दीर त्याईचा, पोरगं त्याईचं." पावसाळा लागल्यावर रुक्माबाई भावाच्या कपाशीत परहाटी निंदायला जाई, विळ्याने तण असं उपटी की माती दूरवर उडे. रडू तिला येत नव्हतं. संताप मात्र ओल्या लाकडासारखा आत धुमसत होता... सासऱ्यावर, नवऱ्यावर, त्या हसणाऱ्या बायांवर, आणि ज्याच्यासाठी हे सारं केलं त्या प्रेमवरही! मुलगा असता तर असं बोलला असता का? आणि मग तिचं तिलाच वाटे, मुलगाच तर आहे. म्हणून तर बोलला.

परहाटीला पात्या-कळ्या लागल्या होत्या, तेव्हा एका दुपारी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, एक उंच म्हातारा येताना दिसला. धावजी नायक! बैलगाडी नाही, सोबत कुणी नाही. एस.टी.तून उतरून पायी आले होते. रुक्माबाईने सवयीने घुंगट ओढला.

आज मध्ये कुणी नव्हतं. नायकांना सुनेशी थेट बोलणं भाग पडलं.

"प्रेम... जेवत नाही. यवतमाळले डाक्टरच्या दवाखान्यात हाय. रात्रंदिस तुह्यं नाव घेते." ते धुऱ्यावर मटकन बसले. "तू गेल्यावर रोज माह्यापाशी यायचा. बापू, मी बरा हाय ना? मंग तुमी घोटा काहून देत नाही? एक दिस म्या माह्यातला थोडा देला. काही नाही झालं, रुक्मा! म्या चावडीवर सांगतलं, पाहा, सून खोटी बोलत होती. दुसऱ्यांदा देला, तरी काही नाही. मंग त्यानं गोळ्या बंद केल्या. म्हने, आता कायले? मंग रोजच..."

"आन् हे? याईचं ध्यान कुठं होतं?"

"उत्तम बोलला होता एक डाव. म्या त्याले चूप केलं."

रुक्माबाईने हातातला विळा दूर फेकला. "तुमाले पोराचं बरं होणं नव्हतं पाहाचं, मामाजी! तुमाले मी खोटी ठरलेली पाहाची होती!"

नायकांनी मान वर केली नाही. असा शब्द त्यांना आजवर कुणी ऐकवला नव्हता.

दवाखान्यात उत्तमसिंग दाराशी उभा होता. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं, बाहीने डोळे पुसले. डॉक्टर प्रेमसिंगची नाडी बघून बाहेर आले. "हे पुन्हा कशानं उलटलं, कोणी नीट सांगतच नाही," ते म्हणाले. "काही नशापाणी झालं होतं का?"

उत्तमसिंगने बापाकडे पाहिलं. तांड्याचा न्याय करणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली. रुक्माबाईला उत्तर ठाऊक होतं. पण ती बोलणार नव्हती. एकदा ती बोलली होती!

"सांगा, मामाजी," ती म्हणाली. "हे तुमीच सांगा."

मग धावजी म्हणाले, "म्या पाजला. माह्या हातानं. हिनं अडवलं होतं."

डॉक्टरांनी एक उसासा टाकला. "एकट्या घोट्यावर मी सगळं ढकलणार नाही. गोळ्या सुटल्या, सोयरीक मोडली, जिनं वाढवलं ती घरातून गेली. हे सगळंच त्याच्या डोक्यावर पडलं. पण त्यात घोटा नको होता. कधीच नको होता."

जिनं वाढवलं ती घरातून गेली... एवढे दिवस दुसऱ्यांवर पेटलेली ती आग आता रुक्माबाईकडेही वळली. माफीचे दोन खोटे शब्द बोलून मी चुलीपाशी राहिले असते तर? मान वाकवून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला असता तर?... याचं उत्तर कुठल्या डॉक्टरकडे मिळणार होतं!

नायकांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तिच्या पायांकडे वाकू लागले. तिने त्यांना मध्येच अडवलं.

"डोक्यावर ठेवा ते. इथं मले एकटीले दाखवून काय फायदा? तांड्यात सांगा. पंचाईसमोर सांगा, म्या पाजला म्हणून. उद्या दुसऱ्या कोनाचं पोरगं असंन."

"सांगतो," नायक म्हणाले. "सांगतो, बेटी."

बेटी! लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी कशानेच हाक मारली नव्हती. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी पाणी आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

आत खाटेवर प्रेमसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. तिची चाहूल लागताच तो वळला. त्याची नजर तिच्यावरून घसरत गेली, परत आली, थांबली.

"भोजाई... याईले चूप बसाले सांग ना. माह्या कानात सारे एकदम बोलून राह्यले."

"ते माह्यं नाही आयकत, बाबा." तिने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "मी बोलत राह्यतो. तू माह्यंच आयक."

आणि ती बोलू लागली. भावाची गाय व्यायली ते, कालवड कपाळावर पांढरी आहे ते, यंदा परहाटीवर मावा पडला ते... काहीबाही, न थांबता. तो कधी ऐकत होता, कधी दचकून भलतीकडे पाहत होता. तो पुन्हा पहिल्यासारखा होईल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

दारात सावली पडली.

"मी... बसू काय इथं?" तांड्याचा नायक सुनेला विचारत होता.

रुक्माबाईने वर पाहिलं. त्या म्हाताऱ्या, खचलेल्या चेहऱ्याची तिला कीव आली, आणि रागही तसूभर कमी झाला नाही. तिने पाय आवरून खाटेवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पन चूप बसा."