तीन हिसके

हे कुणाला सांगायचं नाही, असं आजोबांनी आम्हा तिघा भावंडांकडून कबूल करून घेतलं होतं. पण मला ते मनात ठेवणं जमत नाही आणि बोलायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

काल वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर बसलो होतो. आजोबा म्हणाले, "माझ्या मित्राची गोष्ट. खोटी निघाली तर नाव बदलीन."

"तुम्हाला नावाने कोण हाक मारतं?" दादा म्हणाला.

"गप रे, दीडशहाण्या."

मित्र बंदरात पाण्याची खोली मोजायचा. एकटा जीव सदाशिव. सतरा नोव्हेंबरची रात्र. सकाळी जहाज यायचं होतं आणि मोजायचं यंत्र बंद पडलं. त्याने कपाटातून जुनं शिसं काढलं. म्हणजे लांब दोरी, टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा. खळग्यात मेण भरायचं. तळाची वाळू त्याला चिकटून वर येते. नावाडी तापाने फणफणलेला. हा एकटाच होडी घेऊन निघाला.

बंदराच्या तोंडाशी त्याचं गाव होतं. पाण्याखाली. तो सहा वर्षांचा असताना समुद्राने एका रात्रीत गिळलेलं. वडिलांनी याला खांद्यावर घेतलं. नऊ वर्षांची ताई मागे राहिली.

"उन्हाळ्यात विहीर आटली की ताई आत उतरून बादली भरायची," आजोबा म्हणाले. "हा वर. भरली की दोरीला तीन हिसके. म्हणजे, ओढ."

सव्वाअकराला त्याने शिसं सोडलं. तळ लागला. वहीत खोली लिहिली.

दोरीला हिसका बसला.

मासा असेल...

दुसरा.

आजोबा थांबले. धाकट्याने माझी बाही घट्ट धरली.

"तिसरा."

"मग? ओढलं त्यांनी?" मी विचारलं. एरवी मी काही विचारत नाही.

"ओढलं. जड होतं. शिशाहून कितीतरी जड. थोडं वर आलं... अजून थोडं... आणि तो घाबरला. एवढा साठीचा बाप्या. दोरी सोडून दिली."

अंधारात मला त्यांचा हात दिसत होता. मूठ उघडत होती, मिटत होती.

"सगळी दोरी पाण्यात गेली. सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर... ओली. शिशासकट नीट वेटोळं करून ठेवलेली. ताई ठेवायची तशी. तेव्हापासून तो रोज जातो. पुन्हा हिसका नाही."

आजोबाही रोज जेवण झालं की बंदरावर जातात. एकटेच.

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत शिशाच्या खळग्यातलं मेण. वाळूचा कण नाही. मधोमध अंगठ्याचा ठसा. लहानसा.

"मित्राने दिलं," ते म्हणाले आणि मेण माझ्या हातात ठेवलं. "तू सांभाळ."

ते आत्ता माझ्या वहीशेजारी आहे. आजोबा खालून हाक मारतायत, "येतेस का गं पोरी? मला एकट्याला ओढवत नाही." त्यांच्या खांद्यावर दोरी आहे. आणि ठशात साचलेलं पाणी मी दोनदा टिपलं, तरी पुन्हा