दगडूने पाय उचलला

पिवळी पडलेली लिंबाची पाने.

“धूळ बसली का?” चंद्रावरच्या वसाहतीत माणसे भेटली की आधी हे विचारतात.

ओल्या गोणपाटाने झाकलेले खोके. आत काहीतरी सरकते आहे.

दगडू नावाच्या यंत्रमानवाचे जड, सपाट पाय.

वाफ्यात साचलेले पाणी. कालचे.

आता हे सगळे एका जागी आणू.

चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार. श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसांना इजा करते. म्हणून वसाहतीतली सगळी जमीन रोज सकाळी धोपटून घट्ट करतात. घुमटाखालच्या बागेतले वाफेसुद्धा. ते काम दगडूचे.

त्याच बागेत वसाहतीतल्या लहानग्या वैजूच्या आईने लिंबू लावले होते. आई गेली, झाड राहिले. आता तेही सुकत चालले होते. बाग सांभाळणाऱ्या देवयानीमावशींनी वैजूला जवळ बसवून सांगितले, की महिनाअखेरपर्यंत पालवी फुटली नाही तर तिथे बटाटे लावावे लागतील. जागा थोडी, खाणारी तोंडे फार.

पाणी होते, खत होते, दिव्यांचा उजेड होता. मग झाड मरत का होते?

वैजूचे आबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). त्यांनी तिला वाफ्यात काडी खुपसायला सांगितली. काडी मोडली. मुळांनाही श्वास लागतो, ते म्हणाले. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, हवा तिथेच राहते. माती धोपटली की त्या बुजतात. मग हवा शिरत नाही आणि निचरा (पाणी मुरून खाली जाणे) होत नाही. त्यात चंद्राची ओढ कमी, त्यामुळे पाणी खाली जायला आधीच कंटाळा करते.

“म्हणजे ते गुदमरतंय?” वैजूने विचारले.

आबांनी मान हलवली आणि खोक्यावरचे गोणपाट उचलले. आत गांडुळे होती, पृथ्वीवरून मागवलेली.

वैजूने हात मागे घेतला. ही आईच्या झाडाची मुळे खातील, अशी तिला भीती वाटली. आबांनी समजावले, की गांडूळ जिवंत मुळाला त्रास देत नाही. वाळलेली पाने, कुजलेल्या काड्या आणि थोडी माती ते गिळते. सरकताना बिळे करते, त्यांतून हवा आणि पाणी खाली पोचते. त्याच्या विष्ठेत पोषकद्रव्ये (वाढीला लागणारे घटक) असतात, झाडाला सहज घेता येतील अशी.

“मेलेलंच खातं?”

“मेलेलं खातं, आणि जे उरतं ते जिवंताला देतं.”

वैजू खोक्याशी वाकली. मग तिने ओंजळ पुढे केली.

दोघांनी वाफा हलक्या हाताने भुसभुशीत केला, वर वाळकी पाने पसरली, पाणी शिंपडले आणि गांडुळे सोडली.

सकाळी दगडू आला. वैजू वाफ्यासमोर उभी राहिली.

“बाजूला हो. धूळ बसवायची आहे.”

“ही धूळ नाही, दगडू. माती आहे.”

“फरक सांग.”

वैजूला आबांचे सगळे शब्द आठवेनात. तिने वरची पाने बाजूला केली. खाली एक बीळ होते, पेन्सिलीच्या टोकाएवढे.

“धुळीत कुणी राहत नाही,” ती म्हणाली. “इथे राहतात.”

दगडू वाकला. त्याच्या डोळ्यांतला दिवा बिळावर स्थिर झाला, तसे आतले काहीतरी झटकन मागे सरले. दगडूने वाफ्याच्या कडेवर ठेवलेला पाय उचलला आणि तो पुढच्या वाटेकडे वळला.

त्यानंतर पाणी साचले नाही. मातीवर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक दाण्यांचे ढीग दिसू लागले. महिनाअखेरीस देवयानीमावशी बटाट्यांची टोपली घेऊन आल्या, झाडापाशी बसल्या. फांदीच्या टोकाला तांबूस-हिरवी पालवी होती. त्यांनी टोपली उचलली आणि शेजारचा वाफाही आजपासून धोपटू नकोस, असे दगडूला सांगितले. पुढे सगळ्या बागेला पुरतील इतकी गांडुळे याच मातीत होतील, असे आबांना वाटते.

पृथ्वीवरून निघालेली निम्मी गांडुळे वाटेतच मेली होती; हे सगळे उरलेल्या निम्म्यांनी केले.