दहा मिनिटं पुढचं घड्याळ

टप्प... काळ्या तेलाचा थेंब वरून पडला तो थेट बेकरीवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर! त्याने मान वर केली. कॅथेड्रलच्या मनोऱ्यातून, त्या जुन्या घड्याळाशेजारच्या खिडकीतून, एक मुलगी जीभ चावून खाली बघत होती.

"धुऊन देऊ?" तिने वरूनच विचारलं.

"शर्टाचं राहू द्या. खाली या, चहा घ्या."

अशी ओळख झाली, आणि घड्याळदुरुस्तीचं काम उगाचच लांबत गेलं. ते घड्याळ कित्येक वर्षं दहा मिनिटं पुढे होतं. दुकानांची शटर्स, शाळेची मुलं, चर्चमधली संध्याकाळची मिस्सा-प्रार्थना, सगळा चौक त्याच्याच ठोक्यांवर चाले. फक्त जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करी.

आज काम संपलं. दुपारी तिने काटे बरोबर लावले. सकाळीच धीर करून ती त्याला म्हणाली होती, "बरोबर सहा वाजता पायऱ्यांवर या. मी इथे राहावं असं वाटत असेल तरच... नाही आलात, तर मी संध्याकाळच्या बसने निघेन."

सहा ठोके पडले. पायऱ्या रिकाम्या. बेकरीचं दार बंद. बरं झालं, वेळीच कळलं, असं तिने स्वतःला बजावलं. पण डोळे काही ऐकेनात. शेवटी तिने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली.

तेवढ्यात गायनमंडळातल्या मावश्या गप्पा मारत, रमतगमत आल्या. मागून झग्याची बटणं लावत फादर. मिस्सा सहाची, आणि कुणालाच घाई नाही? ती बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. सगळा चौक अजून वजाबाकीच करत होता!

आणि तो – नीट भांग पाडून, नवा शर्ट घालून – समोरून येत होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"किती उशीर!" आपण हसतोय की रडतोय, तिचं तिलाच कळेना.

"उशीर? चांगला वेळेवर..." त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... ते खरंच दुरुस्त केलंत?"

"मग इतके दिवस वर काय करत होते मी?"

"मला वाटलं, माझ्यासारखाच वेळ काढताय." तो एक पायरी वर चढला. "राहा ना. प्रेम आहे माझं तुमच्यावर."

फादर दारात थबकून सगळं ऐकत होते. "अगं पोरी," ते करवादले, "आज माझी मिस्सा उशिरा सुरू होणार! आता या लोकांना सवय लागेपर्यंत रोज कोण सांगत बसणार?"

तिने खांद्यावरची पिशवी काढून बेकरीवाल्याच्या हातात दिली.

"मी आहे ना, फादर."