बॅटरी डिकीत हलवली तेव्हा

गाडीची बॅटरी पुढून काढून डिकीत बसवायची, हे काम मी हौसेने काढलं नव्हतं. बॉनेटखाली इंजिनाला खेटून ती तापायची, कमजोर व्हायची, आणि मग गाडी वाटेल ते बरळायची. निदान माझा निष्कर्ष तसा होता. उभी हयात वीजकेंद्रात काढलेल्या माणसाला दुसरा सुचतही नाही.

बरळणं एकच होतं. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी टिंग-टिंग करते. बायको गेल्यापासून ती सीट रिकामी आहे. तरीही गाडी टिंग-टिंग करत होती.

तिने पट्टा कधी म्हणजे कधी लावला नाही. "पार्सल झाल्यासारखं वाटतं," म्हणायची. मी रोज ओरडायचो, ती रोज खिडकीबाहेर बघायची. ती गेली मात्र घरात, अंथरुणावर. पट्ट्याचा काही संबंध नाही.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काका, सीटखालचा सेन्सर गेला असेल. एवढा खटाटोप कशाला? पट्टा नुसता अडकवून टाका, गप्प बसेल."

अडकवून पाहिला. आवाज बंद झाला. पण पट्टा सीटच्या पाठीला चिकटून लोळत पडला, आणि तो तसा रिकामा बघवेना. मी तो पुन्हा सोडवून ठेवला.

मग एका सकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून कामाला लागलो. आधी निगेटिव्ह तार सोडवली, मग पॉझिटिव्ह. बॅटरी उचलून डिकीत नेली, पेटीत बसवून आवळली. आता जाड केबल शेजारच्या सीटखालून, गालिच्याखालून पुढे न्यायची होती. सीट मागे सरकवायला गेलो तर सरकेना. रुळांत तेल सोडलं. दोन्ही हातांनी रेटली तेव्हा कुठे हलली, गच्च भरलेल्या कपाटासारखी.

गालिचा उचलला आणि टिंग-टिंग सुरू झालं.

बॅटरी अजून जोडलेली नव्हती. मी मीटर लावला. शून्य.

"साठलेला करंट असेल कुठेतरी," मी मोठ्याने म्हणालो. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. आमच्या घरात माणसं दोनच, त्यातलं बोलणारं गेलं.

टिंग-टिंग चालूच होतं.

"अगं, लाव की पट्टा," सवयीने तोंडातून निघून गेलं.

आवाज थांबला.

मी भराभर केबल ओढली, फ्यूज बसवला, तारा जोडल्या. गाडी एका झटक्यात सुरू झाली. गावाबाहेरच्या रस्त्यावर लांब चक्कर मारली. गाडी गप्प. काम फत्ते झालं होतं आणि मला रडू येत होतं. जो आवाज नको म्हणून एवढं केलं, तोच आता हवासा वाटत होता. रिकामी सीट दिसू नये म्हणून मी शेजारी पाहिलंच नाही, समोर बघत गाडी चालवत राहिलो.

गॅरेजात गाडी लावली, इंजिन बंद केलं. मग पाहिलं.

शेजारचा पट्टा लावलेला होता.

पाठीला चिकटलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, ताणलेला.

घरात जाण्यासारखं काही नव्हतं. मी बसून राहिलो.

पट्टा सावकाश वरखाली होत होता.